सुशीला औटकी कुणी शिकवली

आधीच सांगून टाकते — भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची यातलं काहीही दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. कुणी मुंजाच्या गोष्टी सुरू केल्या की मी अजूनही चहा टाकायला उठते. तरी हा एक अनुभव आहे... मी तिथं होते, आणि इतक्या वर्षांत त्याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बीडकडचं गाव सोडून पिंपरीजवळ रहाटणीला आलो. दादा पिंपरीतल्या एका कंपनीत लागले, आई बांधकामावर जायची. रहाटणी तेव्हा निव्वळ खेडं होतं. शेतं, विहिरी, आणि वारा तिकडून असला की पवना नदीपलीकडून ऐकू येणारा कंपनीचा भोंगा. मी चौथीत होते, धाकटी सुशी पहिलीत.

सुशी बोलत नव्हती. जन्मापासून नाही हं! गावाकडं तिची नुसती टकळी चालायची. सामान ट्रकमध्ये चढवलं त्या दिवशी ती गप्प झाली, ती झालीच. डॉक्टर म्हणाले, गळ्यात काही दोष नाही. एकदा जेवताना दादा आईला म्हणाले, "आपून दोघं बी कामावर. न बोलनारं लेकरू कुनाच्या भरवशावर ठिवायचं? दिवाळीपस्तोर बघू, न्हाईतर गावाकडं आक्काजवळ धाडू." आक्का म्हणजे आमची आत्या. सुशी माझ्या मांडीला चिकटून बसली होती, तिनं सगळं ऐकलं.

शाळेची जुनी इमारत गावाच्या कडेला होती. दगडी भिंती, कौलं, एकच लांबलचक खोली आणि मातीची जमीन. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलींनी ती जमीन शेणानं सारवायची, म्हणजे सोमवारपर्यंत खडखडीत वाळायची. (मुलांनी काय करायचं? मुलांनी घरी जायचं. असो.)

त्या शनिवारी पाळी माझी होती आणि जोडीची मुलगी आलीच नाही. गावातल्या मुली मागच्या भिंतीलगतची हातभर पट्टी कोरी सोडायच्या, हे मी पाहिलं होतं. मला तो त्यांचा आळस वाटला. आईनं मला शिकवलं होतं की सारवताना कोरं ठिगळ राहिलं तर सगळं काम वाया. शिवाय आम्हाला 'दुष्काळी' म्हणून चिडवणाऱ्या मुलींना दाखवायचंही होतं, की बघा, काम असं करतात! मी थेट भिंतीपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात हात घालून सारवलं आणि मागं सरकत सरकत दारातून बाहेर आले. सुशी बाहेर पायरीवर बसली होती. तिला "हलू नको" म्हणून सांगितलं आणि बादली धुवायला विहिरीवर गेले.

ऐन दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओल्या शेणाचा वास, कडुलिंबाची सावली... आणि शाळेतून पाढे ऐकू येत होते. खूप मुलं, एका सुरात, अगदी हळू. माझ्या मनात एवढंच आलं, की अरे, आज दुपारची पण शाळा आहे वाटतं. भीती अजिबात वाटली नाही. हे मी सांगते तेव्हा कुणालाच पटत नाही. उलट डोळ्यांवर छान झापड आली. पावसाळ्यात गोधडीत पडून माजघरातलं घरच्यांचं बोलणं ऐकावं, तसं वाटत होतं.

परत आले तर सुशी पायरीवर नव्हती.

दारातून पाहिलं. ती मागच्या भिंतीशी मांडी घालून बसली होती. दारापासून तिच्यापर्यंत ओलं सारवण जसंच्या तसं होतं, एक पाऊल उमटलं नव्हतं. तिच्या दोन्ही बाजूंना मात्र, भिंतीलगत, सारवण जागोजागी दबलेलं होतं. लहान मुलं ओळीनं बसून उठल्यावर दबतं ना, तसं. सुशी फळ्याकडं बघत होती. फळ्यापाशी कुणी नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि आवाज थांबले.

सुशी माझ्याकडं वळली. "ताई, थांब ना... अजून पाच औट ऱ्हायलंय."

कितीतरी महिन्यांनी ऐकलेला तिचा आवाज! मी तशीच त्या ओल्या जमिनीवरून धावत गेले, तिला पोटाशी धरलं आणि भोकाड पसरलं.

संध्याकाळी तिनं दादांसमोर औटकी म्हणून दाखवली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा... दादा तिच्या तोंडाकडं बघतच राहिले. सोमवारी ते गुरुजींना भेटले. गुरुजी म्हणाले, "नवे पैसे आले तेव्हापासून औटकी शिकवणं बंद आहे हो. आता मलाही सलग येत नाही."

आमच्या घरमालकीण म्हातारी सगुणाआजी होत्या, त्यांना मात्र काहीच नवल वाटलं नाही. "व्हय, हायेत ती पोरं तितं," त्या म्हणाल्या. "माज्या आईच्या लहानपनी साथ आली, तवा आजारी पोरं शाळंतच ठिवली व्हती. घरी न्हाई आली ती. त्येंची जागा म्हनून मागली पट्टी आमी सोडतो. तू सारवलीस व्हय? बरं केलंस. इतकी वरसं कोऱ्या मातीत बसली बिचारी."

दादा म्हणाले, "असलं काही नसतं." पण पुढच्या सुट्टीला ते शाळेत आले, चपला बाहेर काढल्या आणि मागच्या भिंतीकडं बघत बराच वेळ उभे राहिले. सुशीला आक्काकडं पाठवायचा विषय पुन्हा निघाला नाही. माझी पाळी असली की मी भिंतीपर्यंत सारवायचे. आवाज पुन्हा कधी आले नाहीत. पुढं ती इमारत पाडली.

सुशी आता संत तुकाराम नगरात राहते, आजी झाली आहे. मागच्या महिन्यात गेले तेव्हा ती नातीला थोपटत औटकी म्हणत होती. या विषयावर आम्ही कधीच बोललो नव्हतो. त्या दिवशी मी विचारलंच, "सुशे, ही तुला शिकवली कुणी गं?"

ती माझ्याकडं बघून हसली. "असं काय विचारतेस ताई? तूच की! फळ्यापाशी उभी राहून सांगायचीस, मग आम्ही सगळे मागनं म्हणायचो. मी आत यायला नाही नाही म्हणत होते, तर 'भिऊ नको, मी आहे ना' म्हणालीस."

मी तेव्हा विहिरीवर होते. बादली धूत होते.

मी तिच्या नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. घरी येताना रिक्षात मात्र रडू आवरेना. एका भ्यायलेल्या पोरीला भीती वाटू नये म्हणून कुणीतरी माझा चेहरा घेऊन तिच्यापुढं उभं राहिलं होतं. कोण, ते मला माहीत नाही. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. तुमच्यापैकी कुणाला याचा उलगडा झाला तर जरूर सांगा. फक्त मला औटकी म्हणायला लावू नका... चार औटच्या पुढं मला ती अजूनही येत नाही.