आंबिलीची बरणी घेतलेली बाई

मोखाड्याहून सुटलेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीच्या आसपासची असेल. मांडीवर नाचणीच्या आंबिलीची बरणी होती. थोड्या थोड्या वेळाने ती झाकण सैल करायची, आत कोंडलेली हवा फुस्सकन निघू द्यायची आणि पुन्हा आवळायची. डोळे मात्र खिडकीबाहेर.

मी जैवरासायनिक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि शिक्षण सोडायचं ठरवून सूर्यमाळला घरी निघाले होते. आठवडाभर टाकीत वाढवलेलं यीस्ट माझ्या हातून नासलं होतं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे तुझं काम नव्हे." आता बाबांना काय सांगायचं, ते वाक्य मनात पाठ करत मी सारखी डोळे पुसत होते.

"रडतेस कशाला, बाय?" तिने विचारलं.

ती अनोळखी होती, म्हणूनच मी सगळं सांगून टाकलं. "तुमच्या आंबिलीसारखंच असतं ते, पण मोठ्या टाकीत. त्यातून औषधं बनवतात."

तिने नीट ऐकून घेतलं. "माझीपन नासते ना कधी. मंग ओतून टाकायची, मडकं उन्हात तापवायचं नि दुसरी लावायची. नासली म्हणून मडकं कोनी फोडतं काय?"

पुढच्या पाड्यावर ती उतरली. मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात होते. "किती दिवस हायेस?" त्यांनी विचारलं.

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलंच नाही.

"परवा जाते," मी म्हटलं. "प्रयोग परत लावायचाय."