सहा बोटांची भिंत

जुनी मातीची घरं मोजत फिरणं हा माझा छंद. यशवंताच्या घराची भिंत तर एवढी जाड, की आत कुणी शिंकलं तर ते बाहेर तिसऱ्या दिवशी ऐकू येत असावी. ते घर पाडायला अंगणात जेसीबी येऊन उभा होता.

"कोणी बांधलं रे हे?" मी यशवंताला विचारलं.

"काय ठाऊक! आमच्यातलाच असंल कुणी. मोजा पटापट गुरुजी, दुपारी सपाट होणार."

मी टेप लावला, तोच गिलाव्याचा परातीएवढा पोपडा माझ्या पायावर पडला आणि मी किंचाळलो. पायासाठी नव्हे. भिंतीच्या उघड्या पडलेल्या मातीत, ओली असताना दाबलेला एक पंजा उमटला होता. बोटं मी चार वेळा मोजली. सहा! आणि सकाळी चहाच्या कपाभोवती यशवंताचीही सहाच दिसली होती.

माझ्या वहीत 'बांधणारा' असा रकाना आहे. शेकडो घरांपुढे मी तिथे बिनदिक्कत 'अज्ञात' लिहीत आलो. त्या सगळ्या गिलाव्यांखाली कोण कोण हात टेकून उभं असेल, या विचाराने मी वही मिटली.

"हात लाव!" मी ओरडलो.

यशवंताने पंजा ठशावर ठेवला. सहाव्या बोटासकट बसला.

"आयला," तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे."

तेवढ्यात जेसीबी घरघरला. भिंतीवरचा हात न काढता यशवंता असा खेकसला, की ड्रायव्हरच्या आधी यंत्रच दोन पावलं मागे सरकलं. शप्पथ.