दुसऱ्या माणसाला विचारलंत का?

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या संपादकांइतका संशयी माणूस शिकागोत दुसरा झाला नसेल. देवाने स्वतः खाली उतरून 'मी आहे' असं सांगितलं असतं, तरी साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली असती, हिरवा चहा दिला असता आणि मग नम्रपणे विचारलं असतं, "आपल्याशिवाय आणखी कोण सांगू शकेल?" डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या साड्यांच्या दुकानावर आमचं बिऱ्हाड होतं आणि आमच्यावर यांचं. माझी मुलगी त्यांना 'अपस्टेअर्स काका' म्हणायची. मी साहेब म्हणायचो. ते मला 'इंजिनिअर साहब' म्हणत, आणि इतक्या अदबीने म्हणत की मी पंपांचे नकाशे काढणारा साधा ड्राफ्ट्समन आहे हे सांगायचं राहूनच गेलं. ते काबूलचे. तिथे पेपरात होते. युद्ध सुरू झाल्यावर पेशावरमार्गे इथे आले आणि पार्किंग लॉटच्या काचेच्या खोपटात तिकिटं फाडायला बसले. त्यांचं उर्दू दरबारी आणि माझं हिंदी नागपूरच्या सीताबर्डीवरचं. त्यामुळे आमचं बोलणं ऐकताना आमच्या हिला हसू आवरायचं नाही.

त्या खोपटात बसून हा माणूस पेपर काढायचा. महिन्याला एक, चार पानी. फारसीचा टाइपरायटर नव्हता म्हणून सगळा मजकूर स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहायचे, कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच्या झेरॉक्स काढायचे आणि पेशावरला जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात घालून द्यायचे. तिथल्या निर्वासितांच्या छावण्यांत तो वाचला जाई आणि चहाच्या पुड्यांबरोबर डोंगर ओलांडून आत त्यांच्या देशातही जाई. कुठल्या गावी काय झालं, कोण गेलं, कोण वाचलं, एवढंच त्यात असे. पण नियम असा की कुठलीही बातमी एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी वेगवेगळी सांगितल्याशिवाय छापायची नाही. बरं, हा नियम पेपरापुरता ठेवावा की नाही? मी म्हणायचो, "साहेब, बाहेर वीतभर बर्फ पडलाय." ते शांतपणे खाली जाऊन बर्फात फूटपट्टी खुपसून यायचे. एकदा आमच्या मराठी मंडळाची पिकनिक कॅन्सल झाली असं मी सांगितलं, तर यांनी सेक्रेटरी जोशांना फोन करून खात्री केली. जोशी आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. गणपतीच्या कार्यक्रमात मी त्यांची ओळख 'काबूलचे प्रसिद्ध पत्रकार' अशी करून दिली. साहेब उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "पत्रकार हे बरोबर. प्रसिद्ध हे फक्त एकाच माणसाने सांगितलेलं आहे." टाळ्या त्यांना मिळाल्या आणि मी मागे पेढ्यांच्या ताटामागे लपलो.

विशेषणांशी तर त्यांचं उभं वैर. हिने केलेल्या पुरणपोळ्या खाऊन झाल्यावर ही कौतुकाच्या आशेने उभी. साहेब म्हणाले, "तीन खाल्ल्या. ही बातमी झाली. चव हे मत आहे, ते शेवटच्या पानावर." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली: 'मत: उत्तम.' ही ती चिठ्ठी कितीतरी दिवस फ्रिजवर लावून होती. एकदा सरकारविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूचे, भारी कोट घातलेले दोन गृहस्थ वर आले होते. मी नेमका तिथेच होतो. ते म्हणाले, आमच्या बाजूच्या मेलेल्यांना 'शहीद' लिहा, आम्ही तुम्हाला नवा टाइपरायटर देतो. साहेबांनी विचारलं, "आणि समोरच्या बाजूच्या मेलेल्यांना?" साहेबांनी त्यांना बदाम खायला घातले, जिन्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन बोरू हातात घेतला. सरकारच्या बाजूचे लोकही त्यांना शिव्यांची पत्रं पाठवत. दोन्हीकडून सारख्या शिव्या आल्या की म्हणत, या वेळचा अंक बरा झालेला दिसतो.

आता मी या सगळ्यात कुठे होतो ते सांगतो, कारण सांगायचं आहे ते तेच. दिवसभर खोपटात असल्यामुळे साहेबांना फोन करता येत नसे. छावण्यांत राहून आलेल्या अफगाणांना उर्दू कळायचं, माझं हिंदी त्यांना चालायचं, म्हणून फोन करायचं काम मी आपणहून मागून घेतलं. शनिवारी सकाळी साहेब नावं आणि नंबर देऊन जात, मी फोन करी आणि संध्याकाळी सांगे. मंडळात मी हे सांगत फिरायचो. यार, आपण एक पेपर चालवतो, असं म्हणायचो. लोक प्रभावित व्हायचे आणि मलाही ते आवडायचं.

त्या शनिवारी एका गावच्या शाळेवर बॉम्ब पडल्याची आणि मास्तर गेल्याची बातमी होती. दोन नंबर होते. व्हर्जिनियातल्या माणसाने ताबडतोब सांगितलं, हो, मास्तर गेले. दुसरा नंबर फ्रीमाँटच्या, त्याच गावाहून आलेल्या एका बाईंचा. एकदा लावला, उचलला नाही. कॅलिफोर्निया आपल्यामागे दोन तास, बाई झोपल्या असतील, थोड्या वेळाने करू असं म्हटलं. मग मंडळाच्या नाटकाच्या तालमीला गेलो. मला हवालदाराचं काम होतं, वाक्यं सगळी मिळून सहा. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "दुसऱ्या माणसाला विचारलंत का?" मी मिशी चिकटवलेल्या तोंडाने म्हणालो, "हो साहेब, दोघांनीही तेच सांगितलं." या माणसाने आयुष्यात फूटपट्टी न लावता मानलेली गोष्ट बहुधा ती एकच.

तीन महिन्यांनी पेशावरहून पत्र आलं. मास्तर जिवंत होते. त्या दिवशी ते खडू आणायला शेजारच्या गावी गेले होते. छावणीत त्यांच्या आईने आमच्या पेपरात वाचून घेतलं, चाळीस दिवस सुतक पाळलं आणि नंतर एके दिवशी मुलगा चालत दारात आला. आई दोन दिवस त्याला हात लावू देईना. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं: सरकारी रेडिओ किती खोटं बोलतो ते आम्हाला ठाऊक आहे, तेवढं आम्ही वजा करतो. तुमच्या कागदातून काय वजा करायचं ते आता कळत नाही. लोक आता तो घेत नाहीत.

साहेबांनी मला पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "फ्रीमाँटच्या बाई नेमकं काय म्हणाल्या होत्या? माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल." आणि मी, शहाण्या घरचा माणूस, म्हणालो, "त्या तसंच म्हणाल्या होत्या, साहेब." म्हणजे आधीच्या खोट्यावर आणखी एक, आणि तेही एका न पाहिलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवलेलं. साहेबांनी मान हलवली आणि ते वर गेले.

पुढच्या शनिवारी ते नेहमीप्रमाणे नवा अंक घेऊन आले. प्रत्येक अंक ते मला उर्दूत वाचून दाखवत. पहिल्या पानावर, सगळ्यात वर दुरुस्ती होती. त्यांनी ती न थांबता वाचली: 'मास्तर जिवंत आहेत. दुसऱ्या साक्षीदाराला विचारलंच गेलं नव्हतं. ही चूक संपादकाची आहे.' खाली त्यांची सही होती. म्हणजे त्यांनी बाईंना फोन केला होता. त्यांना सगळं कळलं होतं, आणि ते माझ्यासमोर बसून मलाच वाचून दाखवत होते. त्यात माझं नाव नव्हतं हे लक्षात आल्यावर मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. खोटं बोललो याची लाज आहेच, पण त्या हायसं वाटण्याची लाज आजही जेवताना मध्येच आठवते आणि हातातला घास ताटात परत जातो. मी एवढंच विचारलं, "चहा टाकू?" ते म्हणाले, टाका.

त्यानंतर नंबरांची यादी आली नाही. "तुम्हाला घरदार आहे, मी फार काम लादलं," असं तेच म्हणाले. उन्हाळा सरता सरता त्यांनी खोपट सोडलं आणि पेशावरला जायचं ठरवलं. साठीला आलेला माणूस, गुडघा धरलेला. म्हणाले, फोनवरून पेपर निघत नाही, स्वतः जाऊन विचारावं लागतं. त्यांना एअरपोर्टला मी ड्राइव्ह करून नेलं. पाऊण तासाचा रस्ता होता. मी ट्रॅफिकवर बोललो, एक्झिटवर बोललो, मुलीच्या शाळेवर बोललो. उतरताना त्यांनी खिशातून एक कागद काढून दिला. म्हणाले, "इंजिनिअर साहब, फ्रीमाँटच्या त्या बाई एकट्या असतात. कधी तरी फोन करून खुशाली विचारा." मला मिठी मारली आणि बॅग ओढत आत गेले.

पेशावरहून त्यांचे दोन अंक आले, मग यायचे थांबले. का थांबले ते मला कळलं नाही, आणि कुणाला विचारावं एवढं तोंड मला राहिलं नव्हतं.

फोन मी केला. वर्ष उलटल्यावर, एका रविवारी, घरात कुणी नसताना. बाईंनी दुसऱ्याच रिंगला उचलला. आवाज म्हातारा आणि गोड होता. "कोण बोलतंय?" माझं 'हॅलो जी' ऐकून त्यांनी उर्दूत विचारलं. मी 'राँग नंबर' म्हणालो. "काही हरकत नाही, बेटा," त्या म्हणाल्या, आणि कुणी तरी आणखी काही बोलेल म्हणून थोडा वेळ फोन धरून राहिल्या. मीच ठेवला.