स्टॉपवॉचवाले सर

आमच्या यांना बातम्या मोजायची खोड. जित्याची खोड म्हणतात ना, तशी. म्हणीतलं पुढचं मी बोलत नाही, नवरा आहे माझा. तीस वर्षं विद्यापीठात प्रसारमाध्यमं हा विषय शिकवला आणि घरी रोज टीव्हीसमोर मांडीवर वही, हातात स्टॉपवॉच. मंत्र्याला किती सेकंद, संपावरच्या कामगारांना किती, सगळं टिपून ठेवायचं आणि वर्तमानपत्रातल्या लेखात छापायचं. माझ्या मालिकेच्या ऐन रंगात रिमोट ओढून घेतला म्हणून मी दोनदा माहेरी जायची धमकी दिली. तीही बहुधा वहीत सापडेल. संपादक मंडळी नाकं मुरडायची, पण यांचे आकडे खोडून काढणं कुणालाच जमलं नाही. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

मग आमची लेक एका वाहिनीवर बातमीदार झाली. कापडाच्या एका कारखान्याला आग लागून अकरा बायका गेल्या. लेकीची बातमी चाळीस सेकंदांची. त्यात मालक तेहतीस सेकंद बोलला, मेलेल्यांच्या घरचं कुणीच नाही. यांनी ते लेखात छापलं, तिच्या नावासकट.

"नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले.

लेक त्याच दिवशी घरी आली. "बाबा, गेलेल्यांच्या पाच घरी जाऊन माणसांशी बोलून आले होते मी. वरच्यांनी कापलं. तुमचं घड्याळ दाखवलेलं तेवढंच मोजतं. एकदा विचारायचं तरी!"

त्यानंतर दोन वर्षं ती फक्त माझ्याशी बोलली. हे वरून कडक, पण माझा फोन वाजला की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांसाठीही जीव तुटायचा.

निवृत्तीच्या समारंभाला नेमका तिच्याच वाहिनीचा कॅमेरा आला. हे तीन मिनिटं बोलले. "माझी चूक झाली. दुसऱ्यांनी कापलेल्या बातमीचा दोष मी बातमीदाराच्या माथी मारला. ती माझी मुलगी, तरी तिला विचारलं नाही."

संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो. बातमी आली: आयुष्यभर माध्यमांवर टीका करणारे प्राध्यापक निवृत्त. मग यांचा चेहरा आणि एवढंच वाक्य, "माझी चूक झाली."

नऊ सेकंद. यांनी सवयीनं स्टॉपवॉच दाबलं. जणू यांची टीकाच चूक होती, अशी सगळी हयात वाहिनीनं एका वाक्यात धुऊन टाकली होती.

तेवढ्यात फोन वाजला. माझा नाही, यांचा.

"बाबा, पाहिलं मी. तुम्ही एवढंच म्हणाला नसाल. पुढचं काय कापलं?"

मी पाण्याचा पेला पुढे केला आणि टीव्ही बंद केला.

"सांगतो," हे म्हणाले, आणि पहिल्या वाक्यापासून सांगायला लागले.