चार महिने लाकूड ठरेना

आमच्या घरात गेले चार महिने एक लाकूड ठरत होतं. ठरत होतं म्हणजे ठरत नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मी त्याच्या डोळ्यापुढे एक काच धरते, मग दुसरी, आणि विचारते, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं? म्हातारी माणसं, घाईतली माणसं, बायकोच्या धाकाने आलेली माणसं, सगळी अर्ध्या मिनिटात सांगतात. दिवसाला वीस माणसं मी अशी निकालात काढते आणि संध्याकाळी घरी येते, तर जेवणाच्या टेबलावर लाकडाचे तुकडे मांडून आमचे हे बसलेले. एक तुकडा उचलायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा, कानाशी धरायचा, खाली ठेवायचा. मग दुसरा.

"मेपल गोड बोलतं," हे म्हणायचे. "बर्च जरा फटकळ. महोगनी घशातून बोलते. आणि अक्रोड..."

"अक्रोड काय म्हणतो?"

"अक्रोडाचं अजून नीट कळलेलं नाही."

मला तर सगळी टकटकच वाटायची. कपडे धुवायला टाकताना यांच्या खिशात रुमालाऐवजी लाकडाच्या चकत्या निघत. एकदा मी न बघता यांची विजार मशीनमध्ये टाकली, तर मशीन असं काही खडखडलं की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. यांनी आधी चकती बाहेर काढली, पुसली, वाजवून बघितली आणि म्हणाले, "बघ, भिजली तरी सूर सोडला नाही." मशीनची चौकशी कोणी केली नाही.

हे तीस वर्षं हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवतात. दिवसा बस डेपोच्या भांडारात सुट्या भागांचा हिशोब ठेवायचा, शुक्रवार-शनिवार संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलच्या हॉलमध्ये. बँडमध्ये चौघंच. लोक जेवत असतात, बोलत असतात, यांच्याकडे कोणी बघत नाही. पण हे थांबले की सगळ्यांचे चमचे थांबतात, असं हे म्हणतात. मी एकदा मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. दोन टेबलांवरचे थांबले.

मागच्या वर्षी हॉटेलच्या मागच्या जिन्यावरून बास ड्रम खाली आणताना हे पडले. बास ड्रम म्हणजे पायाने वाजवायचा तो सगळ्यात मोठा. त्याच्यासकट दहा पायऱ्या. मी इस्पितळात धावत पोचले, तर पहिलं वाक्य काय, "शेलला तडा गेलाय का बघ ना कोणी तरी." शेल म्हणजे ड्रमचं लाकडी अंग. गेला होता तडा. उजव्या खांद्याचं तर विचारूच नका. त्याचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, रबरी पट्टा ओढायचे व्यायाम झाले. शेवटच्या तपासणीला हे एकटेच गेले आणि येऊन म्हणाले, "उत्तम आहे म्हणाले डॉक्टर." मी विश्वास ठेवला. बायकांनी ठेवू नये तिथेच नेमका ठेवतो आपण.

हॉटेलचा हॉल तेव्हा दुरुस्तीसाठी बंदच झाला होता, म्हणून बँडही घरी. बँडचा म्होरक्या म्हणजे पियानोवाला. माणूस सरळ आहे. त्याने मला स्पष्टच सांगितलं होतं, "वहिनी, हॉल उघडेल त्या शुक्रवारी त्याची जागा त्याचीच. पण त्या दिवशी तो बसला नाही, तर मला दुसरा ड्रमर घ्यावा लागेल, आणि मग त्याला मी महिन्याभराने ऊठ म्हणू शकणार नाही." म्हणजे तारीख ठरलेली, जागा ठरलेली, ड्रमच्या नव्या सेटसाठी पैसेही बाजूला ठेवलेले. एक लाकूड तेवढं ठरायचं होतं. आणि मापं.

मापांचं तर काही बोलायलाच नको. बास ड्रम जितका मोठा तितके त्याच्यावर बसवलेले ड्रम उंच, आणि तितका हात वर. एवढं मलासुद्धा कळतं. म्हणून मी म्हटलं, जुना बावीस इंची होता, आता वीसचा घ्या, खांद्याला बरं. "अगदी बरोबर बोललीस," हे म्हणाले. मी खूश. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अठराचा विचार करतोय. तिसऱ्या दिवशी, अठराच्या आवाजाला पोट नाही. पुढच्या आठवड्यात चोवीस. मी ताट सरकवून उठले. चोपन्न वर्षांचा माणूस, खांद्यात दोन स्क्रू, आणि चोवीस इंची.

लेकीला फोन केला, तर ती म्हणते, "आई, बाबांना त्यांचा वेळ घेऊ दे ना." दुसऱ्या शहरात बसून असं समजूतदार बोलायला काय जातंय. इथे पियानोवाल्याचा दर चार दिवसांनी फोन, "सेट झाला का?" आणि मी काय सांगायचं, की अक्रोडाचं अजून कळलेलं नाही? बरं, यांना विचारावं तर ताकास तूर लागू देत नाहीत. "घाईत घेतलेलं लाकूड आयुष्यभर ऐकावं लागतं," असं काही तरी गंभीर बोलून बाल्कनीत जाऊन उभे.

हॉल उघडायला दोन आठवडे उरले तेव्हा माझा डोक्यावरचा ताबा सुटला. दुकानात अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि यांचा सेट बनवायला घेतलेल्या सुतारबाईंकडे थेट गेले. म्हटलं, चुलीत गेलं ते गोड आणि फटकळ. मीच सांगते मेपल, मीच सांगते वीस, एक घाव दोन तुकडे.

सुतारबाई पूर्वी स्वयंपाकघरातली कपाटं करायच्या. आता फक्त ड्रम करतात. टायरच्या दुकानामागे लांबलचक खोली, खिडकीवर भुसा इतका की उजेड पिवळा होऊन आत येतो. भिंतीला गोल साचे टांगलेले. त्यांच्यात पातळ लाकडाचे सहा-सहा थर गोंद लावून वळवून बसवतात. बाई चाळिशीच्या, केस रुमालात, कानामागे पेन्सिल. मी गेले तेव्हा एका शेलच्या कडेवरून बोट फिरवत होत्या आणि मध्ये मध्ये थांबून बारीक कागदाने घासत होत्या.

"बाई, आमचं लाकूड मी ठरवायला आलेय," मी म्हटलं. "मेपल. आणि माप..."

"वीस, बारा, चौदा," बाई म्हणाल्या. "मेपल. तेच आहे हे."

"कधी ठरलं?"

"झाले की चार महिने. दादा पहिल्याच दिवशी सगळं लिहूनच घेऊन आले होते. खाडाखोडसुद्धा नव्हती."

मी तिथल्या स्टुलावर बसले. तीन शेल ओळीने उभे होते, कडा तासलेल्या, आतून गुळगुळीत, अगदी तयार. माझ्या घरातल्या टेबलावर रोज संध्याकाळी जे चाललं होतं ते मग काय होतं?

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

बाईंनी बास ड्रमच्या शेलवर हात ठेवला. "भोक," त्या म्हणाल्या. "मोठ्या झांजेचा दांडा याच्याच अंगात बसवायचाय, वेगळ्या स्टँडचं ओझं नको म्हणून. वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो तो, सगळ्यांच्या सेटला. मी पेन्सिलने खूण केली, ड्रिल हातात घेतलं, तर दादा म्हणाले, थांबा. तेव्हापासून थांबलेय. भोक पाडलं की पाडलं, वहिनी. आणि ते पाडल्याशिवाय मी पॉलिशचा हात देत नाही."

"थांबा का म्हणाले?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा. येतीलच आता. रोज डेपो सुटला की येतात."

रोज डेपो सुटला की हे फिरायला जात होते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं.

हे आले. मला बघितलं आणि दारातच उभे राहिले. बाई मागच्या बाजूला हातपाय धुवायला गेल्या.

"आता बसा आणि वाजवून दाखवा," मी म्हटलं. "रोज येता ना? मग मलाही बघू दे."

कोपऱ्यात बाईंनी यांच्यासाठी जुने, फुटके ड्रम मांडून ठेवले होते. हे बसले. आणि मी बघितलं, तर मांडणी उलटी. मोठी झांज डावीकडे, मोठा उभा ड्रम डावीकडे. यांनी उजवं कोपर बरगडीला चिकटवलं, तो हात फक्त मांडीजवळच्या छोट्या ड्रमवर ठेवला, आणि बाकी सगळी हिंडफिरी डाव्या हाताकडे दिली. एक साधा चार मात्रांचा ठेका धरला. आमच्या लग्नाआधीपासून हे झोपेतसुद्धा वाजवू शकतील असा ठेका. डावा हात मागे पडला. हे थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा मागे पडला. तिसऱ्यांदा काठी निसटून भुशात पडली.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" मी विचारलं. "खरं सांगा."

"हात बाजूला पसरून जोर लावता येणार नाही. आता नाही आणि पुढेही नाही." यांनी काठी उचलून पुसली. "कितीही लहान सेट घेतला तरी झांज बाजूलाच असते गं."

मला भयंकर राग आला. "आणि मला लाकूड सांगत बसलात? चार महिने? अहो, मी यडी म्हणून मापं पाठ करत होते?"

"तुला सांगितलं असतं तर तू रोज विचारलं असतंस, आता येतं का, कालच्यापेक्षा बरं का."

हे खरं होतं. मी विचारलं असतं. त्यामुळे राग आणखी वाढला.

"लाकूड ठरत नाही म्हटलं की कोणी काही बोलत नाही," हे म्हणाले. "मला वाटलं, हॉल उघडेपर्यंत बसेल डावा हात."

"दोन आठवड्यांत बसेल?"

"नाही."

"मग कधी?"

"वर्ष तरी. जास्तच."

हॉटेलची जागा गेली होती, ती आत्ता नाही, त्या जिन्यावरच गेली होती, आणि ते यांना एकट्यालाच माहीत होतं. मला यांची कीव आली, आणि कीव आलेली यांना आवडणार नाही म्हणून पुन्हा रागच दाखवला.

सुतारबाई आल्या. हात पुसले, पेन्सिल काढली. "दादा, आज सांगा. मला साचे रिकामे करायचेत."

"उजवीकडे पाडलं तर सेट कोणालाही चालेल," हे माझ्याकडे बघून बोलायला लागले. "नवा जो कोणी येईल तो वाजवेल. हॉटेलात सेट तरी आपला राहील. मेपल आहे, वीस वर्षं टिकेल. डावीकडे पाडलं तर तो फक्त माझा. आणि मला तर वाजवता येत नाही."

"म्हणजे तो नवा बसणार आणि तुम्ही काय करणार?"

"मी सेट लावून देईन. सामान उचलायला मदत करीन."

"कशाने उचलणार?"

बाईंनी हसू आवरायला तोंड फिरवलं. हेसुद्धा जरा हसले, मग पुन्हा माझ्याकडेच बघायला लागले. मला एकदम कळलं की यांना मी उत्तर द्यायला हवंय. रोज वीस माणसांकडून मी उत्तर काढून घेते. पण त्यांच्याही वतीने मी कधी बोलत नाही, बोललं तर चष्मा चुकतो.

"एकदाचं काय ते तुम्हीच बोला," मी म्हटलं. "माझी सुट्टी संपतेय."

"डावीकडे," हे म्हणाले. इतकं हळू म्हणाले की बाईंना पुन्हा विचारावं लागलं. मग मोठ्याने म्हणाले.

बाईंनी जुनी खूण खोडली, मोजून दुसऱ्या बाजूला नवी केली, शेलच्या आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरला आणि ड्रिल लावलं. पाव मिनिटाचं काम. हे पूर्ण वेळ तोंडावर हात धरून उभे होते.

पियानोवाल्याला यांनी स्वतः फोन केला. नव्या ड्रमरला घरी बोलावून कुठलं गाणं कसं संपवायचं ते सगळं समजावून दिलं. हॉल उघडला त्या शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट कपाटातच राहिला. त्या दिवशी यांनी जेवताना एक शब्द काढला नाही, आणि मीही, आयुष्यात पहिल्यांदा, काही विचारलं नाही.

सेट आता आमच्या पुढच्या खोलीत आहे. दिवाण हलवावा लागला, पाहुणा आला तर उभाच राहतो. रोज डेपोतून आले की हे बसतात. तोच ठेका. एक, दोन, तीन, डावा हात मागे, थांबले, पुन्हा एकपासून. माझं डोकं उठतं. मी आतून ओरडते, "मागे पडतोय हात!" हे बाहेरून ओरडतात, "कळतंय मला!" आणि पुन्हा एकपासून.

परवा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. बिचाऱ्या चांगल्या आहेत, तक्रार करायची होती पण तोंडातून निघत नव्हती.

"तुमच्याकडे कोणी नवीन शिकतंय वाटतं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"किती वर्षांचा आहे?"

"चोपन्न," मी म्हटलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन वर निघाले.