जास्तीचं कापड

दोन-तीन पावसाळे काढले की माझ्या शिडाच्या होडीची कॅनव्हासची कव्हरं कुजतात, आणि मग भाट्याच्या खाडीजवळच्या त्या शिंप्याकडे जावंच लागतं. माणूस मवाळ. बोलताना डोळ्यांकडे बघत नाही, खांद्यांकडे बघतो. होडीचं माप घेऊन झालं की तीच टेप मालकाच्या डोक्यापासून टाचेपर्यंत लावतो आणि स्वतःशीच मान हलवतो. मला वाटायचं, असते एकेकाला खोड.

या वेळी मात्र खर्च ऐकून मी तडकलो. "एवढं कापड जातं कुठे?"

त्याने नव्या कव्हरची कड उलटली. आतून माणसाच्या उंचीचा एक तुकडा कच्च्या दोऱ्याने टाचलेला होता.

"हे होडीचं नाही हो, तुमचं. उद्या समुद्रात काही बरंवाईट झालं, तर बरोबरच्यांना तुम्हाला यात गुंडाळून आणायला बरं. दोरा ओढला की निघतो."

मी घासाघीस न करता पैसे दिले.

परवा मासळीबाजारात तो समोर आला. बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिला. मग जवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "जाड झालात हो. तो तुकडा घेऊन या, वाढवून देतो."