टीव्ही झोपवायचा नसतो

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीचं दार जरा जोरात लावलं की ते लगेच ओरडतात, "हळू की गं, फ्रिज हाय का तो?" आणि गाडीची किल्ली? ती तर ते काकूंनाही देत नाहीत!

परवा मोहोळला पप्पांकडे टीव्ही न्यायचा होता, काका म्हणाले, गाडीनं सोडतो. पप्पा पाय मोडून महिनाभर खाटेवर पडून कंटाळलेत, म्हणून मी पहिल्या पगारातून त्रेचाळीस इंची घेतला. खोकं गाडीच्या दारातून आत जाईना, म्हणून टीव्ही बाहेर काढून मागच्या सीटवर आडवा ठेवला. झालं! काका धावत आले.

"अगं, टीव्हीला झोपवायचं न्हाय, बसवायचं असतंय! काच तडकंल की!"

त्यांनी घरातनं दोन कोऱ्या चादरी आणल्या, टीव्ही गुंडाळला आणि पडदा सीटच्या पाठीकडे करून उभा केला.

"पट्टा बांधू?" मी विचारलं.

"पडदा दाबंल. धरूनच बसावं लागतंय." आणि शेजारच्या वीतभर जागेत ते स्वतः अंग चोरून बसले. मग खिशातनं किल्ली काढून माझ्या हातात दिली! माझं लायसन्स तर नवंकोरं!

प्रत्येक स्पीडब्रेकरला मागनं आवाज यायचा, "आला, आला, सांभाळ!" मला वाटलं, मला सांगतायत. आरशात बघितलं तर ते टीव्हीला थोपटत होते.

मोहोळला टीव्ही लागला, पप्पा लहान पोरासारखे हसले. काकांची बोटं मात्र आखडलेली, सरळच होईनात. तोच हात त्यांनी माझ्यापुढे धरला.

"किल्ली दे. हॉर्न लई वाजवतीस."